बाईंची शंभर खाचरं

लॅबच्या बाईंनी कुठल्याही अहवालावर 'जंतू नाहीत' असं कधी लिहिलं नाही. 'दिसले नाहीत' असं लिहायच्या. शहापूर तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी केसपेपर काढायचो, आणि शेजारच्या खोलीत बाई जुन्या सूक्ष्मदर्शकातून एका डोळ्यानं जग बघायच्या.

मलेरियासाठी रक्ताच्या काचपट्टीवरच्या शंभर जागा बघायच्या, हा त्यांचा नेम. बाई किन्हवलीच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. भिंगाखाली दिसणाऱ्या प्रत्येक गोल तुकड्याला त्या खाचर म्हणत, आणि बांधावरून चालावं तशी पट्टी हळूहळू सरकवत.

सूक्ष्मदर्शकांचे स्वभाव त्यांना शेजाऱ्यांसारखे ठाऊक होते. भातावरचा तुडतुडा अख्खा, उठावदार बघायचा तर दोन डोळ्यांचा, कमी ताकदीचा पुरे. मात्र तो पोटातलं सांगत नाही. आपला उजेडावर चालणारा जिवंत पेशीही दाखवतो, पण एका हद्दीपुढे चित्र नुसतं फुगतं. इलेक्ट्रॉनवाला विषाणूच्या आतलंही दाखवतो. "पन त्याच्यासमोर जायाचं तर आधी मरावं लागतं," बाई म्हणायच्या.

मग दवाखान्यात पडदा जोडलेला नवा सूक्ष्मदर्शक आला. उद्घाटनाला आलेल्या बड्या पाहुण्यांनी त्याला कुंकू लावलं, हार घातला आणि आता रोगाला लपायला जागा नाही, असं जाहीर केलं. त्यातल्या सर्वांत ताकदवान, शंभर पटीच्या भिंगाला तेलाचा थेंब लागतो. नवं भिंग खराब होईल म्हणून दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी तेलालाच बंदी केली. चाळीसच्या भिंगानं बघा आणि पडद्यावर मोठं करा, असा हुकूम निघाला.

त्याच आठवड्यात शेणव्याला, आमच्या गावी, माझी आई तापानं फणफणली. पडद्यावर तिच्या रक्तपेशी भाकरीएवढ्या दिसल्या. पडद्यासाठी नेमलेल्या नव्या टेक्निशियननं लिहून दिलं : जंतू नाहीत. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

बाईंनी पट्टी उचलली, जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिच्यावर तेलाचा थेंब सोडला.

"मोठं झालं म्हंजे नीट दिसलं, असं नाय रे."

पासष्टाव्या खाचरात त्या थांबल्या. मला बघायला लावलं. लाल पेशीच्या आत एक बारीक निळी अंगठी होती, लाल खड्याची : मलेरियाचा जंतू. आईचं औषध त्याच दुपारी सुरू झालं.

बाईंच्या निरोप समारंभाला तेच पाहुणे आले. तालुक्यात मलेरिया उरलेला नाही, असं त्यांनी माइकवरून सांगितलं. बाईंनी खांद्यावरची शाल सावरली आणि शांतपणे विचारलं, "किती खाचरं बघितली, साहेब?"

सभागृहात कुणीच टाळी वाजवली नाही. फक्त शेवटच्या रांगेत माझी आई वाजवत होती.