चैत्रगौर, तुंबलेली टाकी आणि सुभेदारसाहेब

जयपूरच्या बनी पार्कातल्या आमच्या भाड्याच्या घरामागची शौचालयाची टाकी ऐन चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दुपारी उतू गेली. उतू जाणं हा शब्द दुधासाठी आहे, मला मान्य आहे, पण जे झालं त्याला दुसरा शब्द नाही. मागच्या अंगणातली तुळस बेशुद्ध पडली. वास स्टेशनापर्यंत गेला आणि फलाटावरची गाडी वेळेआधी सुटली. मी अतिशयोक्ती करत नाही. बँकेत नोकरी आहे माझी. तिथे अतिशयोक्तीवरसुद्धा दोन सह्या लागतात.

सकाळपासून घरात धुणं-विसळणं चाललं होतं, कारण निम्मी छावणी आणि शहरातल्या झाडून सगळ्या बँकांचा मराठी महिलावर्ग यायचा होता. एरवी इथे मराठी माणूस शोधून सापडत नाही. कैरीची डाळ म्हटली की जमिनीतून उगवतो.

मी गच्चीवरून पाण्याची तोटी बंद केली, संडासाला कडी घातली आणि टाकी उपसणाऱ्या टँकरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाईसाब, दूर रहना सब लोग. ढक्कन को हाथ मत लगाना. घंटे भर में आते हैं."

"घंटाभर?" मागून गर्जना झाली. माझे सासरे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याहून लेकीकडे आलेले. मी त्यांना मामा म्हणतो. लेंगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, नाकाला पंचा, हातात पहार. "तंवर बायका येतील की! आत बोळा अडकलाय. झाकण उचलतो, खाली उतरतो, काढून टाकतो."

"मामा, आत विषारी वायू असतो."

"जावईबापू, मी बर्फातल्या चौकीवर हिवाळे काढल्यात. तिथं हवाच नव्हती."

"तिथे हवा नव्हती. इथे नको ती आहे."

एवढ्यात वरून घरमालकीणबाई उतरल्या. हातातल्या ताटलीत पेटता गोवरीचा निखारा, त्यावर धूप, भसाभस धूर. वास घालवायला निघालेल्या, थेट टाकीकडे! मी असा झेपावलो की ऑलिंपिकवाल्यांनी पाहिलं असतं तर मला घरून उचलून नेलं असतं.

"आंटीजी, आग मत लाइए! गैस है!"

"अरे, भगवान का धूप है, मैं कौन-सी बीडी पी रही हूँ!" त्या फणकारल्या, पण परत जिना चढल्या.

तेवढ्या वेळात मामांनी पहारीचं टोक झाकणाच्या फटीत घातलं होतं.

बायको बाहेर आली. पैठणी नेसलेली, हाताला डाळ लागलेली. ओरडली नाही. माझी बायको ओरडत नाही तेव्हा मी चपला शोधतो.

"आबा, आत एक श्वास घेतलात की पडाल. तुम्हाला काढायला हे उतरतील. ह्यांना काढायला मी. मग बायका हळदीकुंकू कुणाला लावणार आहेत?"

"मला काय हुतंय गं," म्हणत मामांनी पहारीवर भार दिला. झाकण कुरकुरलं. ती म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. ते पडले असते तर मी काठावर उभा राहिलो नसतो.

मग ती ताठ झाली. "सुभेदारसाहेब!"

मामांचे पाय आपोआप जुळले.

"हा इलाका आऊट ऑफ बाउंड्स आहे. झाकणापाशी कुणी जाणार नाही, जवळ आग पेटणार नाही, संडासात पाणी पडणार नाही. पोस्ट तुमची. लांब त्या कडुनिंबाखाली उभं राहायचं. पुढचा हुकूम येईपर्यंत."

डॉक्टरचं, बायकोचं, जावयाचं कधीही न ऐकलेल्या त्या माणसाने आयुष्यात पोस्ट मात्र सोडली नव्हती. पहार खांद्यावर गेली.

पुढे काय वर्णावं! बायका आल्या, त्यांना नाकाला पदर लावून पुढच्या दाराने घेतलं. मागे फिरकायची कुणाची छाती झाली नाही. एका कर्नलसाहेबांच्या पत्नी हात धुवायला निघाल्या, तर कडुनिंबाखालून मामा, "मॅडम, रास्ता बंद. शेजारच्या घरी बंदोबस्त केलाय." त्यांच्या ड्रायव्हरने बिडी काढली, तर मामांच्या एका गर्जनेसरशी त्याने ती जवळजवळ गिळलीच. टँकर आला. माणसांनी वरूनच पाइप सोडून टाकी उपसली, आत कुणी उतरलं नाही. बोळाबिळा काही नव्हता, टाकी नुसती गळ्यापर्यंत भरली होती. झाकण बसलं. हातमोजे घालून सांडलेल्यावर ब्लीचिंग पावडर टाकली, फरशी धुतली, साबणाने कोपरापर्यंत हात घासले.

शेवटची पाहुणी गेली तरी मामा कडुनिंबाखालीच. हुकूम कुठे आला होता?

"अगं ए!" तिथून आरोळी आली. "सोडतीस का न्हाई? पायाचं तुकडं पडलं माझ्या! पोरगी हायस का ब्रिगेडियर?"

बायको मागच्या दारात आली. हुकूम द्यायचा सोडून आधी टाकीच्या झाकणाकडे, मग त्यांच्याकडे बघत उभी राहिली. डोळे भरलेले.

"ओरडा आबा," ती म्हणाली. "अजून थोडं ओरडा."