मधलं तुमचं, पाव माझा

माझ्या नवऱ्याची साखर मी एकटीने आटोक्यात आणली, हे आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. कशी आणली, ते मात्र आम्ही दोघांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी ह्यांच्या पायाचं बोट कापता कापता वाचलं. चप्पल लागून साधं खरचटलं होतं, पण जखम काही भरेना. डॉक्टरांनी ह्यांना नाही, मला समोर बसवलं. "काकू, भात, पोळी, पाव, बटाटा, साखर, सगळं बंद. पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही." रिक्षात बसल्यावर मला रडू आवरेना. (माझं मन रमावं म्हणून ह्यांनी विचारलं, "वाटेत जिलबी घेऊ या का?") त्या दिवसापासून मी घरातली पोलीस झाले.

पुढे जर्मनीहून आमच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला. "आई, या दोघं. पण आल्या आल्या मी बाबांची साखर तपासणार. विमानतळावर त्यांना मोकळं सोडू नकोस हं."

"मोकळं सोडू नकोस म्हणजे? मी काय बैल आहे?" ह्यांनी विचारलं. मी फोनवर पल्लवीला म्हटलं, "नाही सोडणार."

तयारी मी चोख केली होती. उकडलेली अंडी, भाजलेलं पनीर, शेंगदाणे, काकड्या, सगळं एका पिशवीत. दुसऱ्या पिशवीत पल्लवीसाठी पापड. मुंबईला विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हातातलं सामान जास्त होतंय. एक पिशवी मोठ्या बॅगांबरोबर द्या." मी लगबगीने एक पिशवी पट्ट्यावर ठेवली. ती पडद्याआड दिसेनाशी झाली आणि मी हातातली उघडून पाहिली. आत पापड!

त्यात विमानाला उशीर. बोर्डावरची वेळ सारखी पुढे सरकत होती.

"शालू, भूक लागली," हे म्हणाले. साखरेच्या माणसाला उपाशीही ठेवता येत नाही. आम्ही दुकानं पालथी घातली. एवढा मोठा विमानतळ! सोनं मिळतं, अत्तर मिळतं, गळ्यात अडकवायची उशी मिळते, पण पाव-भाताशिवाय घास मिळत नाही. शेवटी चिकन बर्गर घेतला. मी तो उघडला, मधलं ह्यांच्यापुढे सरकवलं. पाव उरला.

शेजारीच कचऱ्याचा डबा होता. पण माझे वडील देवळाली कॅम्पात मिलिटरीच्या मेसमध्ये वाढपी होते. मेसमधला उरलेला पाव घरी यायचा, त्यावर आम्ही भावंडं वाढलो. पानात शीत टाकलं तर वडील मारायचे नाहीत. ते शीत उचलून स्वतः खायचे. त्यापेक्षा मार परवडला असता.

मी पाव खाल्ला.

तासाभराने पुन्हा भूक. ह्यांनी राजमा-चावल आणला. चमचाभर राजमा ह्यांचा, भाताचा डोंगर माझा. मग मसाला डोसा. त्याचं पीठ तांदळाचं, भाजी बटाट्याची! ह्यांच्या वाट्याला नुसती चटणी आली. बाकीचा अख्खा डोसा मी संपवला. मग पुन्हा बर्गर. मला आता श्वास घ्यायलाही जागा नव्हती, पण ताट स्वच्छ होत होतं, ह्यांची साखर सांभाळली जात होती, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

एवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एक तरुण बाई उठून तरातरा आली.

"काका, राग मानू नका, पण मी लय वेळची बघतेय. कोंबडी तुम्ही खाताय आन् काकूंना कोरडा पाव? आमच्या पिंपळगावात असं केलं तर चार माणसं तोंडावर बोलतील!"

"अहो ताई, मला शुगर आहे!"

"असंल की! म्हणून बाईमाणसाला असं ठेवायचं? काकू, तुम्ही घाबरू नका. हे घ्या, आमच्या आईच्या हातच्या हायेत."

तिने माझ्यापुढे डबा उघडला. आत तुपात तळलेल्या सांजोऱ्या, गुळाच्या! मी नको नको म्हणत होते, पण ती हटेना. इतक्या मायेने कुणी पुढे केलं तर नाही कसं म्हणायचं? खाल्ल्या. ती ह्यांच्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकून गेली.

हे हळूच म्हणाले, "लोक मला काय समजत असतील गं?"

"समजू देत," मी म्हटलं. "तुमचा पाय शाबूत आहे ना?"

जर्मनीत घरी पोचलो, तर पल्लवीने दारातच साखर मोजायचं यंत्र काढलं. ह्यांच्या बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला आणि टाळीच वाजवली. "बाबा, शाब्बास! आई, कमाल केलीस! आता तू दे बोट."

"मला काय झालंय? मी कधी वेगळं काही खाते का?" हे अगदी खरं होतं. वेगळं असं मी काहीच खात नव्हते.

यंत्राने आकडा दाखवला. पल्लवीने पट्टी बदलली, दुसरं बोट टोचलं. मग खुर्ची ओढून बसली. "आई, हे एका प्रवासाचं वाटत नाही. घरी काय खातेस तू?"

"घरी? अगं, कुकर लावताना हात दोघांच्या मापाचाच पडतो. पोळ्याही तेवढ्याच होतात. ह्यांनी बंद केलं म्हणून काय टाकून द्यायचं?"

हे आकड्याकडे बघत राहिले. "म्हणजे माझी साखर उतरली नाही," ते म्हणाले, "नुसतं घर बदलून तुझ्याकडे राहायला आली." पल्लवी हसली. ह्यांना हसू आलं नाही. त्यांनी माझा हात धरला, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. मग मलाही कढ आवरेना.

आता पथ्य दोघांना. परतीच्या विमानतळावर आम्ही दोन बर्गर घेतले, दोघांनी मधलं खाल्लं. टेबलावर पाव उरले.

"टाक," हे म्हणाले.

"तुम्ही टाका."

कुणीच टाकले नाहीत. टिश्यूमध्ये गुंडाळले आणि माझ्या पर्समधून नाशिकला आणले. कॉलनीच्या फाटकाशी गाडीतून उतरले आणि पाव आमच्या गल्लीतल्या वाघ्या कुत्र्यापुढे ठेवले. वाघ्याने वास घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि शेपटी न हलवता निघून गेला.

"शालू!" हे मागून ओरडले. "हात मागे घे!"

घेतला मागे. पण खोटं कशाला सांगू, पुढे गेला होता!