अप्पांच्या घड्याळावरचे ओरखडे

मुरुम गावच्या घड्याळजीनं माझ्या वडलांचं, अप्पांचं, महागडं घड्याळ हातात घेतलं, तसा पट्ट्याचा जुना घामट वास आला आणि मला त्यांचा दहावा आठवला.

ते घड्याळ मनगटाच्या हालचालीवर चालायचं. काढून ठेवलं की दोन दिवसांत बंद. दहाव्याला मी कपाट उघडलं, तर ते चालू होतं. पट्टा घामानं ओला. काचेवर ताजा ओरखडा, विहिरीवरची मोटार चालू करताना स्टार्टरच्या पेटीचा पत्रा घासून अप्पांच्या घड्याळाला पडायचा तसाच.

"आई, कुणी घातलं होतं?"

"कपाटाची किल्ली तर माझ्या कमरंला हाय की रं."

तेव्हा मी भ्यालो होतो. आता वाट बघतो.

"ओरखडे काढू का? नव्यावानी दिसंल," घड्याळजी म्हणाला.

"नको," मी म्हणालो. "नवा पडला तर अप्पांचाच का, ते या जुन्यांवरून ओळखू यायला पाहिजे."