रिकाम्या खुर्च्यांतलं आमेन

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी तंजावूरचा मराठी, लग्नांत सॅक्सोफोन वाजवतो. जॅझ ही माझी हौस. (देवनागरी मला जमत नाही, चुलतबहीण टाइप करतेय.)

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत शालोम अंकल राहतात – कोकणातले ज्यू, घरी मराठीच बोलणारे. त्यावरूनच गट्टी जमली. सिनेगॉगमधल्या प्रार्थना ते गाणार, मी जॅझची साथ देणार, असा कार्यक्रम आम्ही बसवत होतो. अंकल सगळं गायला तयार... फक्त कद्दीश नाही. ती गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. त्याला दहा ज्यू पुरुष हजर लागतात, आणि इथे ते एकटेच. त्यांची बायको, एस्तेर आंटी गेल्या तेव्हासुद्धा त्यांना ती म्हणता आली नाही.

मला नेमकी तीच चाल हवी होती. थाप मारली – "चेन्नईहून, कोचीहून माणसं येतायत अंकल. तालमीलाच."

तालमीच्या दिवशी दुपारी डान्स क्लासच्या हॉलमध्ये मी आणि ड्रमर सेल्वम, बस्स. अंकलनी पांढरी शाल डोक्यावरून घेतली आणि यरुशलेमच्या दिशेला, पश्चिमेला तोंड करून उभे राहिले. खुर्च्या पाठीमागे.

"आले का रे सगळे?"

"आले," मी म्हणालो.

ते गायला लागले. मी हळू सूर धरला. बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायची पहिली जागा आली, तिथे ते थांबले आणि मागून आवाज आला – "आमेन." भारदस्त, बऱ्याच पुरुषांचा. मी वळून पाहिलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या.

सेल्वमचा हात थांबला. "अण्णा... यारु अदु?" कोण ते?

पुन्हा "आमेन." माझा श्वास सॅक्सोफोनमध्ये जाईना. अंकल मात्र शेवटपर्यंत गायले.

शाल काढून वळले तेव्हा डोळे ओले होते. "गेलेसुद्धा? अरे, जेवायला तरी थांबवायचंस!"

"घाईत होते, अंकल."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "फार मोठं काम केलंस बाबा." मला मान वर करता येईना.

सेल्वम म्हणतो, हॉलचा एको असेल. पण एको एकाच गळ्याचा असतो ना? हे आवाज वेगवेगळे होते. काय होतं ते, खरंच कळत नाही...

कद्दीश मी कार्यक्रमातून काढून टाकली. पण अंकल भेटले की विचारतात, "त्यातला एक आवाज थेट माझ्या सासऱ्यांसारखा. आभार मानायचेत रे. नंबर दे ना त्याचा."

"शोधतो," म्हणतो मी. खरं सांगितलं तर आंटींची प्रार्थना त्यांच्याकडून परत हिसकावून घेतल्यासारखं होईल. आणि नाही सांगितलं, तर ते त्या नंबरची वाट बघत राहतील.