मांजरीवर घेतलेला आळ

आज दुपारी धाकट्या भावाकडे गेले होते. त्याच्या नातीनं खारीचं पिल्लू पाळलंय. तो तिला सांगत होता, “आमच्याकडंबी होतं वं लहानपणी. शेजारच्या मांजरीनं खाल्लं. ताईनं सोता पाह्यलं, विचार तिले.”

मी होकारार्थी मान हलवली. तेव्हापासून बेचैन आहे.

मांजरीनं खाल्लं नव्हतं. सत्तरच्या दशकातला नागपूरचा मे महिना, मी दहा वर्षांची. पिल्लू उन्हानं मलूल पडलं होतं, म्हणून मी त्याला खिडकीला गारव्यासाठी लावलेल्या वाळ्याच्या ताटीत खोचून ठेवलं आणि वरून बादलीभर पाणी मारलं. आम्हाला त्या ताटीनं किती बरं वाटायचं. पिल्लू मात्र गारठून मेलं. मी ते गुपचूप पुरलं.

भाऊ रडायला लागला, तेव्हा मी मांजरीचं नाव घेतलं. बाबांनी कुणाला न सांगता तिला पोत्यात घालून शहराबाहेर वाडी भागातल्या गोदामांकडे सोडून दिलं. शेजारची सुमी दोन दिवस दुधाची वाटी घेऊन गल्लीभर तिला हाका मारत होती. मी ओट्यावर बसून ऐकत होते.

आज भावाची नात क्लासला जाताना पिल्लाची टोपली माझ्याच मांडीवर ठेवून गेली. म्हणाली, “मांजर आली तर तुम्हालेच कळंन, आजी.”

माझ्या जागी तुम्ही असता, तर ती टोपली घेतली असती?