तिलवाऱ्याचा दगड आणि अंतराळातलं स्टेशन

मी टेस्टर गाडग्यांच्या छातीला लावला आणि तो पेटला.

टेस्टर म्हणजे स्क्रूड्रायव्हरसारखी ती काडी, जिच्या मुठीत बारीक दिवा असतो. टोक जिथे टेकवलं तिथे करंट असेल तर दिवा लागतो. तो स्विचबोर्डाला लावतात. जिवंत माणसाच्या छातीला लावायची वेळ माझ्यावर नोकरीत एकदाच आली.

गाडगे आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर. जबलपूरच्या रिछाई औद्योगिक भागात सोलर पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा सुपरवायझर होतो. त्या दिवशी मात्र गाडगे स्टोअरकीपर नव्हते, पृथ्वीचे रक्षणकर्ते होते. अंगावर एसीच्या डक्टिंगच्या उरलेल्या पत्र्याचं चिलखत, डोक्यावर तसलंच शिरस्त्राण आणि समोर अंतराळातलं सौरऊर्जा स्टेशन.

कंपनीच्या वार्षिक दिनाचं नाटक होतं. एक लोभी कंपनी अंतराळात भलंमोठं स्टेशन उभारते, सूर्याची ऊर्जा गोळा करून किरणांनी खाली पाठवते आणि तिच्या बेपर्वाईमुळे गावंच्या गावं भाजून निघतात. मग चिलखतवाला वीर वर उडत जातो आणि स्टेशन बंद पाडतो. लिहिलं आणि बसवलं एच.आर.च्या सप्रे मॅडमनी. आमचे जी.एम. तिवारीजी यांनी संहितेत दोनच बदल सुचवले. लोभी कंपनी परदेशी असावी. आणि शेवटी वीराने स्टेशन मोडू नये, ते आपल्या कंपनीच्या ताब्यात द्यावं, म्हणजे लगेच जी.एम.चं भाषण सुरू करता येईल.

प्रयोग शहराच्या गढा भागात, आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये होता. कारखान्यात स्टेज नाही आणि सप्रे मॅडम मंडळाच्या कार्यकारिणीवर, त्यामुळे हॉल मिळाला. सुरक्षेच्या फॉर्मवर सही माझी लागणार होती. म्हणून त्या दुपारी शेवटची तालीम बघायला गेलो.

तालीम रंगात होती. गाडगे स्टेशनच्या सांगाड्याला दोन्ही हातांनी भिडले की त्यांच्या अंगातून अशी थरथर निघायची की पत्रे खडखडत. सप्रे मॅडम खूश होत्या. मला म्हणाल्या, चौथ्या तालमीपासून गाडगे भूमिकेत शिरले. मला ती थरथर ओळखीची वाटली. आमच्या धंद्यात ती अभिनयात मोडत नाही. मी स्टेजवर चढलो आणि खिशातला टेस्टर काढला.

दिवा पेटलेला गाडग्यांनीही पाहिला. त्यांनी मला विंगेत ओढत नेलं.

"केव्हापासून झणझणून राहिलंय?" मी विचारलं.

"झाले चार-पाच दिवस. तुम्ही कोणाला सांगू नका, वानखेडे साहेब."

"काहून? मरायचं आहे का?"

"तीस वर्षं काउंटरच्या मागे बसलो, साहेब. दर वर्षी नाटकाचा पडदा मीच ओढतो. दोन महिन्यांनी रिटायर होतो. एक दिवस तर पडद्याच्या पुढे उभा राहू द्या."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. माझा मामेभाऊ एका उन्हाळ्यात ओल्या फरशीवर उभा राहून कूलरला चिकटला आणि गेला. त्यालाही आधी चार दिवस नुसतं झणझणत होतं.

गाडगे तोवर वाचले होते ते पायातल्या रबरी स्लीपरमुळे. चिलखताचे पत्र्याचे बूट फॅब्रिकेशनवाल्याने त्याच दुपारी आणून दिले होते आणि प्रयोगात तेच घालायचे होते. वर तो मे महिना. धूळ बसावी म्हणून प्रयोगाआधी स्टेजवर पाणी मारायची त्या हॉलची जुनी रीत. चिलखताचे पत्रे एकमेकांना सुतळीने बांधलेले होते. म्हणजे हाताच्या पत्र्यातून पायाच्या पत्र्यात जायला विजेला मधली वाट एकच होती, ती म्हणजे गाडगे स्वतः.

वायरिंग बघायला मी स्टेशनच्या मागे गेलो. ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर आमचीच रिजेक्ट झालेली पॅनल, पंख फिरवायला मोटर आणि चाळीसेक हॅलोजन. एवढ्या सगळ्याला अर्थिंगची वायर नाही. अर्थिंग म्हणजे चुकून बाहेर गळलेल्या विजेला जमिनीत जायला दिलेली सोपी वाट, म्हणजे ती माणसातून जात नाही. लाइनवर लीकेज ब्रेकर होता. वीज कुठे गळायला लागली की हा खटका आपोआप पडतो आणि लाइन बंद होते. पण डेकोरेशनवाल्याने वायर त्याला वळसा घालून नेली होती. काहून, तर म्हणे पाणी मारलं की तो सारखा पडायचा आणि तालीम मोडायची.

राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्यालाच हाकलून दिलं होतं.

मी तिवारीजींना फोन लावला. सांगितलं, अर्थिंग होईपर्यंत सही नाही, आणि सही नाही तर स्टेशनला वीज नाही. ते म्हणाले, "वानखेडे जी, चेयरमैन साहब नागपुर से निकल चुके हैं. दो घंटे का नाटक है, दो घंटे में क्या होता है?" मी म्हणालो, सर, मरने में तो दो सेकंड लगते हैं. ते म्हणाले, पाच वाजेपर्यंत काय करायचं ते करा.

हॉलच्या मागे एक अर्थिंग पिट होता. पिट म्हणजे खड्डा. त्यात लोखंडी पाइप, कोळसा आणि मीठ भरतात आणि वायर त्या पाइपला जोडतात. बारा वर्षांपूर्वी मंडळाची सेवा म्हणून तो मीच करून दिला होता. खड्डा ओलसर असेल तोवरच अर्थिंग काम करतं. गढ्याची जमीन म्हणजे सगळा खडक, त्यात मे महिना. वर्षानुवर्षं पाणी न घातलेला पिट म्हणजे नुसता पुरलेला पाइप असतो. रीडिंग वाईट आलं तर गाडग्यांचं नाटक संपलं, हे मी मनात ठरवूनच मागे गेलो.

पिटवर एक काळा गुळगुळीत दगड ठेवलेला होता. त्यावर बेलाचं पान आणि भोवती ओल. मला आठवलं. हॉलची देखभाल करणाऱ्या कमलाबाईंनी तो तिलवाऱ्याहून, नर्मदेच्या पात्रातून आणून तिथे ठेवला होता. नर्मदेचा प्रत्येक खडा शंकर असतो, हे जबलपूरला कोणाला समजवावं लागत नाही. ही इलेक्ट्रिकल वस्तू आहे, देव नाही, म्हणून मी तेव्हा त्यांना चारचौघांत बोललो होतो आणि दगड उचलायला लावला होता. माझी पाठ वळल्यावर त्यांनी तो परत ठेवला असणार.

मी मीटर जोडला. रीडिंग दोन ओहमच्या आत. हा आकडा जितका लहान तितकं अर्थिंग चांगलं. कारखान्यातल्या माझ्या स्वतःच्या पिटचं, ज्याचं रजिस्टर दर महिन्याला माझ्या सहीने भरलं जायचं, रीडिंग त्या उन्हाळ्यात नऊ होतं. रजिस्टरमध्ये 'पाणी घातले' असं नियमित लिहिलेलं होतं. पाणी कोण घालत होतं, हे मला आजही माहीत नाही.

पिटपासून सांगाड्यापर्यंत जाड वायर ओढली. ब्रेकर परत लाइनमध्ये घेतला. तो लगेच पडला. एकेक दिवा काढत गेलो आणि वायर सोललेले सात हॅलोजन बाद केले, तेव्हा तो टिकला. पाचला तिवारीजी आले. स्टेशनकडे बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"अब यह उतना खतरनाक नहीं लग रहा."

"नहीं है, सर," मी म्हणालो आणि सही केली.

प्रयोग सुरू झाला. मी विंगेत ब्रेकरच्या बोर्डापाशी बसलो. पत्र्याचे बूट खडखडवत गाडगे ओल्या स्टेजवर आले, परदेशी कंपनीच्या मॅनेजरला ढकललं आणि स्टेशनला दोन्ही हातांनी भिडले. पंख फिरले. बिजागरीत वायर घासली गेली असावी. माझ्या हाताजवळ खट्ट झालं आणि स्टेशन काळंठिक्कर पडलं.

त्या अंधारात गाडग्यांचा आवाज आला, खणखणीत, संहितेत नसलेला: "बंद हो गया. अब यह किसी को नहीं जलाएगा."

टाळ्या थांबेनात. तिवारीजी विंगेत धावत आले आणि लाइट लावा म्हणून कानाशी बोलू लागले, कारण स्टेशन चालू असल्याशिवाय ते ताब्यात घेता येत नव्हतं. मी ब्रेकरवर हात ठेवून बसून राहिलो. शेवटी त्यांनी हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये, बंद पडलेल्या स्टेशनसमोर भाषण केलं.

गाडग्यांना करंट लागला नव्हता. अभिनयाचं बक्षीस त्यांनाच मिळालं. सप्रे मॅडमची तेवढी तक्रार राहिली, की ऐन प्रयोगात ते थरथरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायर सोडवायला गेलो. कमलाबाई तांब्या घेऊन पिटपाशी उभ्या होत्या. मला बघून त्यांनी दगड पदराआड घेतला. मी त्यांच्या हातातला तांब्या मागून घेतला आणि पाणी घातलं.

"काहून साहेब, आता पटला का महादेव?"

"मी अर्थिंगला पाणी घालून राहिलो, बाई."

"घाला नं. त्याला काय फरक पडते?"

त्याच आठवड्यात मी तिलवाऱ्याला जाऊन एक दगड आणला आणि कारखान्यातल्या पिटवर ठेवला. कामगार जाता-येता त्यावर पाणी घालू लागले आणि पावसाळ्याची वाट न बघता रीडिंग नऊवरून तीनवर आलं. पुढे रिटायर होईपर्यंत जिथे जिथे पिट केला, तिथे तिथे एक दगड ठेवला. नियमात त्याची तरतूद नाही. ड्रॉइंगमध्ये मी त्याला 'पिट कव्हर' लिहायचो.