मुखेडच्या काकांचं सुतक

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. पाठच्या बहिणीला मी पोटातलं सगळं सांगते — तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. माझं तोंड तुम्हाला दिसत नाही, हे बरं आहे.

कुठून सुरू करू? थंडीपासून करते. थंडीवर बोलणं सोपं असतं.

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या लातूरकडची रानं बघण्यासारखी असतात. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, तूर वाळून वाऱ्यावर खुळखुळणारी. सकाळी हरभऱ्यातून नुसतं चालत गेलं तरी पायाला आंब, म्हणजे पाल्यावरचं आंबट पाणी, लागते आणि भेगा झोंबतात. आणि महिन्याच्या शेवटी अमावस्येला येळवस. बाहेरच्यांना हा सण माहीत नसतो. त्या दिवशी सगळं घरदार रानात जातं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी करतात, आत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा करतात, पिकावर आंबील शिंपडतात आणि मग जेवायला बसतात. भज्जी — म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, सापडेल ती पालेभाजी असं सगळं एकात शिजवलेलं — बाजरीचे उंडे, आणि दोन दिवस आधी मडक्यात घातलेली आंबील. लातुरात त्या दिवशी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. ज्याला रान आहे तो रानात, आणि ज्याला रान नाही त्याला रानवाल्याचं बोलावणं. म्हणजे तुमच्या ओळखीत बिनरानाचं माणूस असेल आणि तुम्ही त्याला बोलावलं नाही, तर ते विसरणं नसतं. ते न बोलावणंच असतं. आमच्याकडे हे लेकरालाही कळतं.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दरवर्षी येळवशीवर निबंध लिहून घेते. त्यात एक वाक्य मी स्वतः रचून फळ्यावर लिहिते — ‘या दिवशी रानात आपला-परका असा भेद नसतो.’ लेकरं ते पाठ करतात. तेरा वर्षं झाली, ते वाक्य लिहिताना मी वर्गाकडे पाठ करून जरा जास्त वेळ उभी राहते. खडू झटकते, असं दाखवते.

तर — सुनंदा.

रेणापूरच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत ती बदलून आली, तेव्हा जून लागला होता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, गणितात माझ्या चारपट हुशार, आणि जिभेला धार. पहिल्याच दिवशी माझी भाजी चाखून म्हणाली, “ताई, घरातली मिठाची बरणी हारवली काय?” दोघीही लातुरात राहत होतो, त्यामुळे जाता-येता एकाच बसमध्ये. डबा मधल्या सुट्टीत एकत्र. माझं आख्खं वर्ष त्या डब्यावरून कळायचं. पावसाळ्यात ती तरोट्याची, घोळीची भाजी आणायची. कुठल्या बांधावर काय उगवतं ते तिला पाठ. श्रावणात माझ्या पुरणाच्या पोळ्या, दिवाळीनंतर तिच्या आईकडची बोरं, उन्हाळ्यात कैरीचा ठेचा. एकाच झाकणात दोघींची बोटं. सुनंदा बौद्ध, आम्ही मराठा. आमच्या शाळेत कुणाचं त्याकडे लक्ष नव्हतं. मला मात्र स्वतःचं कौतुक होतं. हेही सांगून टाकते. तिच्या डब्यातली भाकरी मोडताना मला वाटायचं, बघा, मी कशी आहे! जिला खरंच काही वाटत नाही, तिला असं काही सुचतं का हो?

तीन-चार वर्षं अशी गेली. तिची पिंकी पहिलीत होती. एका नोव्हेंबरात बसमध्ये सुनंदा म्हणाली, “ताई, पिंकीला यंदा कोपी आतून बघायचीच हाय म्हणं. तुमच्या रानात घेऊन येऊ का?”

तिला मागावं लागलं. तीन येळवशी मी गप्प होते, म्हणून तिला मागावं लागलं.

मी म्हणाले, “अगं, ये की! विचारतीस काय?”

आणि घरी येईपर्यंत डोळ्यांपुढे रानातली सगळी तोंडं येऊन गेली. आमचं रान यांच्या गावाला. शेजारची सगळी रानं भावकीची. तिथं माझी जाऊ, चुलत जावा, त्यांच्या सासवा. मी शहरातली सून, नोकरीवाली, आधीच त्यांच्या तोंडी. सुनंदा येणार, कोपीत वाकून पांडवांना हात लावणार, आंबिलीच्या मडक्यात वाटी बुडवणार — आणि कुणीतरी भुवई उचलणार. नुसती भुवई. मला कुणी मारणार नव्हतं, वाळीत टाकणार नव्हतं. एका भुवईला मी भ्याले. शाळेत मला कुणी बघत नव्हतं, म्हणून मी चांगली होते. रानात सगळे बघणार होते.

सासूबाईंना विचारावं असं मनात आलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. घरात शब्द त्यांचा चालायचा. पण मी विचारलं नाही. त्या नाहीच म्हणतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं. सोयीचं होतं ना ते!

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी मी सुनंदाला फोन केला. म्हटलं, आमच्यात सुतक पडलंय. यांचे मुखेडचे चुलतकाका पहाटे गेले. हे तिकडेच गेलेत, मी लेकरांना घेऊन घरी आहे, यंदा आमची येळवस नाही. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, “आरं देवा. ताई, तुम्ही जपा.” फोन ठेवला तेव्हा स्वयंपाकघरात आंबिलीचा आंबूस वास सुटला होता. मडकं माझ्या पायाशीच होतं.

मुखेडचे काका त्या वेळी त्यांच्या अंगणात ऊन खात बसले असतील. पुढं नऊ वर्षं जगले. लग्नाकार्यात मला बघून म्हणायचे, “सूनबाई, जिलबी गरम हाय का बघ गं.” मी त्यांना वाढायचे आणि मान खाली घालून पुढच्या पानाकडे सरकायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही रानात गेलो. भज्जी छान झाली होती. मी नव्या साडीत पांडवांपुढे वाकले, काय मागितलं ते आठवत नाही. दिवस मावळता मावळता भाड्याच्या टेम्पोतून परत आलो. मागं लेकरं आरडाओरडा करत होती, माझ्या मांडीवर आंबिलीचं मडकं, पायाशी हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा. टेम्पो दारात थांबला.

आमच्या पायरीवर सुनंदा बसली होती. शेजारी पिंकी. मांडीवर तीन पुडांचा डबा.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात. नवरा गावाला, घरात बाई आणि लेकरं, त्यात येळवस म्हणून सगळी गल्ली रिकामी — कोण देणार? म्हणून ती आली होती. कुलूप बघूनही थांबली होती. मला वाटतं, बराच वेळ.

तिनं टेम्पोकडे बघितलं. मडक्याकडे बघितलं. माझ्या साडीकडे बघितलं. यांनी उतरून “नमस्कार मॅडम” म्हटलं, तेव्हा तिला सगळं कळलं असणार. मी टेम्पोतून खाली उतरलेच नाही. मडकं धरून बसून राहिले.

यांच्या पाठोपाठ आत्याबाई उतरल्या. त्यांनी तिला तोवर दोनदाच बघितलं होतं. म्हणाल्या, “आगं ये की आत. आंबील पी. लेकराला डहाळं दे गं कुणीतरी.”

“न्हाई आजी, ह्या बाजूला काम होतं, बसले होते जरा,” सुनंदा म्हणाली. उठली, डबा पिशवीत घातला, पिंकीचा हात धरला. पिंकी मागं वळून डहाळ्याच्या भाऱ्याकडे बघत बघत गेली.

मला वाटलं होतं, ती शाळेत भांडेल. भांडणारी बाई होती ती. मुख्याध्यापकांना सुद्धा ऐकवायची. पण मधल्या सुट्टीत तिनं रोजच्यासारखा डबा उघडला. रोजच्यासारखा नाही — भाकरी तिच्या झाकणात, माझी पोळी माझ्या झाकणात. तीन दिवस असं चाललं. आणि चौथ्या दिवशी मी जे बोलले —

इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरते आहे. सुतकाची थाप ही माझी चूक आहे, असं तुम्हाला वाटलं असेल. तीही आहेच. पण जे लपवलंय ते हे आहे.

चौथ्या दिवशी मी तिला म्हणाले, “काय सांगू सुनंदा, सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत. दारात ये-बस करतात, पण रानात, पांडवांपाशी, त्यांना चालत नाही. माझा इलाज नाही गं.” आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी! मला माझीच कीव आली होती.

सुनंदानं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा सैल झाला. म्हणाली, “असू द्या ताई. तुम्ही तरी काय करणार.” आणि तिच्या भाकरीतली अर्धी माझ्या झाकणात ठेवली. ती मी खाल्ली.

पुढच्या मार्गशीर्षात, मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, “ताई, यंदा बोलवू नका हं. आमच्यात सुतक हाय.” त्यांच्यात सुतक पाळत नाहीत. तिचे वडील गेले तेव्हा चौथ्या दिवशी ती वर्गावर हजर होती, आणि तेव्हा तिनंच मला हे सांगितलं होतं. मला अडचण नको म्हणून माझीच थाप तिनं माझ्यासाठी वापरली. आणि मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. कोण गेलं, एवढं सुद्धा मी विचारलं नाही. त्यानंतर दर येळवशीला तिचं काही ना काही निघायचं. कधी पाहुणे, कधी पिंकीची परीक्षा. पुढं तिची उदगीरकडे बदली झाली आणि तेही सांगायची गरज उरली नाही.

गेल्या वर्षी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. येळवशीला पहिल्यांदाच रानात गेल्या नाहीत. आम्ही परत आल्यावर मी वाटीत आंबील घेऊन त्यांच्याजवळ बसले. दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, “ती शाळंतली बाई कुठं असती गं आता? डबा घेऊन पायरीवर बसली व्हती बघ. तिला रानात कधी आणलंच न्हाईस तू. लई वाटलं मला. लेकरू व्हतं की संगं.”

मी म्हणाले, तिलाच जमायचं नाही.

“व्हय?” म्हणाल्या आणि डोळे मिटले. तेव्हा तरी त्यांचे पाय धरायचे होते. मी वाटी विसळायला उठले.

या मार्गशीर्षात, येळवशीच्या सहा दिवस आधी, आत्याबाई गेल्या. यंदा आमच्यात खरंच सुतक. येळवस नाही. यांचे भाऊ वगैरे गावाला, गल्ली रिकामी, हे आतल्या खोलीत पडलेले. येळवशीच्या दुपारी दार वाजलं. सुनंदा. केस पिकलेत. उदगीरहून एसटीनं आली होती. पिंकी आता नांदेडला डॉक्टरकी शिकते, तिनं व्हॉट्सॲपवर कुणाच्या तरी स्टेटसला बघून आईला कळवलं म्हणे.

पिशवीतून तिनं डबा काढला. तोच, तीन पुडांचा, कडीला पोचा आलेला. पिठलं आणि भाकरी.

आधी ती आत्याबाईंच्या फोटोपुढे गेली. हात जोडून उभी राहिली. मला ऐकू यावं म्हणून नाही, पण मला ऐकू आलं. “आजी, मी कधी मनात धरलं न्हाई बघा. जुनी माणसं तुम्ही. तुमचा काय दोष.”

मी तिच्यापासून दोन हातांवर होते. एवढंच म्हणायचं होतं — सुनंदा, त्यांनी तुला बोलावलं होतं. पाच शब्द. दारातला कढीपत्ता वाऱ्यानं हलत होता, आत यांच्या खोकल्याचा आवाज येत होता, ती फोटोचा हार सारखा करत होती. भरपूर वेळ होता. मी म्हणाले, “बस, पाणी आणते.”

मग तिनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. मी जेवले. पिठल्याला मीठ बरोबर होतं. जाताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “लई केलंत तुम्ही आजीचं. एवढ्या कडक बाईजवळ दिवस काढणं सोपं न्हाई.”

आत्याबाईंचा फोटो माझ्या मागं भिंतीवर होता. मी मान हलवली.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, साखर तरी घालतात. सुतकाच्या घरातून मात्र काही घालायचं नसतं. मी तो घासला, पुसला आणि तसाच रिकामा तिच्या हातात दिला.